हांबुर्गस्वारीचे प्रस्थान शेजारी राहिले त्याची बखर

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि सायकलीच्या ट्यूबेत गुपचूप बसून स्वारास तोलून धरणाऱ्या हवेसही नमन करून हा मजकूर लिहिला जातो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका राज्यात मोठी मसलत उत्पन्न जाहली. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण शेजारची राज्ये हा कागद वाचतील आणि नसत्या चौकशा करतील. इतकेच लिहितो की राज्य तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, दक्षिणेस मोरी, ऐसे चहूंकडून बंदोबस्तात होते, आणि तेथे श्रीमंत उल्हासराव गादीवर होते. ते पूर्वी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात अभियंते असत आणि कोणत्या पेठेस कधी पाणी सोडावे हे त्यांच्या हुकमावर चाले, त्यामुळे निवृत्त जाहले तरी आज्ञा करण्याची सवय अंगात मुरून राहिली होती. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईसाहेब. कारभार सर्व त्यांचा, शिक्का तेवढा श्रीमंतांचा. आणि वडील मंडळींत द्वारकाआत्या, श्रीमंतांच्या वडिलांची थोरली बहीण, वय बहुत, दात थोडे, परंतु पंचांग आणि रीतिरिवाज तोंडपाठ. श्रीमंतांची आई लवकर गेली म्हणोन आत्यांनीच त्यांस वाढविले, सबब साऱ्या दुनियेस दटावणारे श्रीमंत आत्यांपुढे मात्र आवाज चढवीत नसत.

आता मूळ दुखणे काय ते आधीच सांगतो, नाहीतर वाचणारे म्हणतील की बखरकार आडपडदा ठेवतो. श्रीमंतांस कन्या एकच, केतकी. ती शिकावयास जर्मन मुलखी गेली आणि हांबुर्ग नामे बंदरी राहिली आणि मग तेथील माथियास म्हणोन एक सालस गृहस्थ, त्याजशी तिने लग्न ठरविले. श्रीमंतांचे म्हणणे पडले की लग्न आपल्या घरच्या रीतीने, आपल्या दारी मांडव घालून व्हावे. मुलीचे म्हणणे पडले की दोघांसही रजा नाही, तेव्हा तूर्त येथील कचेरीत सही करून लग्न करू आणि मग सवडीने तिकडे येऊ, परंतु बाबा, तुम्ही मात्र हवेत. यावर श्रीमंतांनी, रीत म्हणजे रीत, ऐसा जबाब पाठविला आणि गेले नाहीत. बाईसाहेब एकट्याच गेल्या. त्यास चार वर्षे जाहली. मध्यंतरी नात जन्मली, लीना तिचे नाव, आणि बाईसाहेब जाऊन तिला न्हाऊमाखू घालून आल्या, आणि श्रीमंत मात्र तिकडचा फोन आला की उठून आतल्या खोलीत जात आणि तेथून, मी विचारलंय म्हणून सांग, इतकाच निरोप धाडीत. भांडण म्हणावे तर भांडण नव्हते. बोलणे बंद होते, आणि ते कोणी आणि कोणत्या तोंडाने सुरू करावे हे दोन्ही दरबारांस सुचत नव्हते.

तर त्या मार्गशीर्षात बाईसाहेब हांबुर्गाहून परतल्या आणि बॅग उघडता उघडता सहज म्हणोन बोलत्या जाहल्या की केतकीच्या जेवणाच्या टेबलास बसणारी माणसे दोन, तिसरी उंच खुर्चीत पट्ट्याने बांधलेली, आणि तरी दोन खुर्च्या जास्त आहेत. एक, आई, तुझी, म्हणाली, आणि दुसरी कोणाची विचारले तर, असू दे, म्हणाली. श्रीमंत वर्तमानपत्र वाचीत होते. पान मात्र बराच वेळ उलटले नाही. दुसरे दिवशी चहा घेऊन जे बाहेर पडले ते दुपारी निळी, नवी कोरी, बारीक हाडापेराची सायकल घेऊनच आले आणि ती दिवाणखान्यात सोफ्यास टेकवून उभी केली आणि सर्वांस बोलावून जाहीर करते जाहले की वैशाखात हांबुर्गावर स्वारी करावयाची. विमानाने व्हिएन्नास उतरावे, तेथे घोडा जोडावा, तेथून प्राग शहर गाठावे, आणि मग एल्बा नदीचा काठ धरून, नदी जिकडे जाते तिकडे आपणही जात, थेट मुलीचे दार. हजार-बाराशे किलोमीटरांचा मामला. बाईसाहेबांनी विचारले की हांबुर्गास विमान उतरत नाही काय. त्यावर श्रीमंतांनी प्रकृती, पर्यावरण, निसर्गशोभा आणि निवृत्तिवेतनधारकांची कर्तव्ये यांवर इतका वेळ भाषण केले की आमटी गार जाहली.

बाईसाहेब ओट्याशी आल्या आणि आत्यांस हळूच म्हणाल्या, "विमानानं गेले तर एका दिवसात दार येतं. दारात उभं राहून काय बोलायचं ते यांना माहीत नाही. म्हणून लांबचा रस्ता काढलाय. काढू दे." आत्यांनी मान डोलविली. बखरकारानेही तेव्हाच ओळखले होते, परंतु बखरकारास विचारतो कोण.

मग पौषापासून तयारीस जो जोर आला तो काय वर्णावा. जेवणाच्या टेबलावर युरोपाचा नकाशा अंथरला गेला आणि महिनाभर उठला नाही, सबब राज्यातील लोक मांडीवर ताट घेऊन जेवू लागले, आणि एके दिवशी प्रागवर कढी सांडली तेव्हा श्रीमंत इतके हळहळले जणू शहरच वाहून गेले. पहाटे उठून जर्मन भाषेचा अभ्यास चाले. दूधवाल्यास दारात गुटन मोर्गन, म्हणजे सुप्रभात, ऐसे म्हणू लागले आणि दूधवाल्यास वाटले की दूध पातळ आहे म्हणोन बोलतात, तो बिचारा दुसरे दिवशी आपणहून साय दाखवू लागला. पुढे स्वारीचा पोशाख आला. वर पिवळा जर्द अंगरखा ठीक होता, परंतु खाली ती अंगासरशी बसणारी, बुडाशी गादी शिवलेली आखूड चड्डी. श्रीमंत ती घालून आरशापुढे उभे असता आत्या देवपूजा आटोपून बाहेर आल्या आणि तशाच माघारी फिरल्या आणि आतून बोलल्या की उल्हास, वरून लेंगा घाल, आपल्यात अजून कोणी असं फिरलेलं नाही. श्रीमंतांनी शास्त्र समजावून सांगितले की गादी नसेल तर प्रागच्या अलीकडेच बैठक मोडते. आत्या म्हणाल्या की गादी लेंग्याला शिव. शेवटी तह जाहला की जिना उतरेपर्यंत लेंगा, आणि फाटकाबाहेर चड्डी.

आणखी एक युद्ध वजनाचे. सायकलीवर दोन बाजूंस दोन झोळ्या, त्यांत किती भरावे यावर श्रीमंतांचा कडेकोट हिशेब. त्यांनी टूथब्रशाचा दांडा अर्धा करवतीने कापला, कंगव्याचे दात मोडून निम्मे ठेविले, टॉवेल कापून हातरुमाल केला, आणि चहा घेता घेता सर्वांस सांगत की ग्रामाग्रामाने किलो होतो. इकडे बाईसाहेब थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लिंबाचे गोड लोणचे आणि केतकीस आवडते म्हणोन कैरीचा तक्कू, ऐसा दाणागोटा झोळीच्या तळाशी घालीत. श्रीमंत सकाळी काढीत, बाईसाहेब दुपारी घालीत. दोघेही एकमेकांस काही बोलत नसत. झोळी मात्र वैतागून गेली असेल.

सरावाची हकीकत ऐसी की रोज सकाळी श्रीमंत शहराबाहेर जाऊन येत, आणि सपाटीवर घोडा छान धावे, त्यामुळे छाती फुगली आणि माघात एके दिवशी जवळच्या घाटावर चढाई केली. जाताना बाईसाहेबांस सांगितले की नाश्त्यास परत येतो. नाश्ता गेला, जेवण गेले, आणि उन्हे कलली तेव्हा फाटकाशी कलिंगडांचा टेम्पो थांबला आणि मागे कलिंगडांवर श्रीमंत बसलेले आणि मांडीवर सायकल आडवी. उतरून म्हणाले की घाट उत्तम आहे, टेम्पोवाल्याशी ओळख निघाली म्हणोन नाही म्हणता आले नाही. कोणी हसले नाही, हे राज्याचे मोठेपण. परंतु रात्रीच्या जेवणास कलिंगड कापिले गेले आणि तेव्हा मात्र आत्यांस आवरेना. श्रीमंतही थोडे हसले आणि दुसरे दिवशी पुन्हा घाटावर गेले आणि टेम्पोवाचून परत आले, हेही लिहिले पाहिजे. माणूस चिकाटीचा होता. चुकीच्या ठिकाणीही तीच चिकाटी लावी, एवढेच.

आणि येथेच घोडे पेंड खाते ते ऐका. फाल्गुनात आत्यांनी नवे पंचांग आणविले आणि चष्मा पुसून पाहतात तो पाडव्यापासून लागणाऱ्या संवत्सराचे नाव पराभव. झाले. आत्यांचे म्हणणे पडले की ज्या वर्षाचे नाव पराभव त्या वर्षी घरातून लांबच्या प्रवासाचे पाऊल उचलू नये. जे निघणे ते पाडव्याच्या आत निघावे. श्रीमंत म्हणाले की विमान वैशाखात आहे आणि व्हिसाची मुलाखत चैत्रात, तर फाल्गुनात निघून बसू कोठे. आत्या म्हणाल्या की एवढे शिकलास आणि प्रस्थान ठेवणे ठाऊक नाही काय. ज्यांस ठाऊक नसेल त्यांजकरिता लिहितो. मुहूर्त आधी आणि जाणे नंतर ऐसे असेल तर मुहूर्तावर जाणाराची एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवितात, म्हणजे प्रवास त्या क्षणी सुरू जाहला ऐसे समजतात, आणि मग सवडीने निघताना ती वस्तू घेऊन तसेच पुढे जातात. आत्यांनी सुपारी आणि धुतला पंचा ठेवण्यास सांगितले. इतके केले असते तर हा कागद लिहावा लागता ना. परंतु श्रीमंत पडले अभियंते. त्यांचे म्हणणे पडले की प्रस्थान करावयाचे तर पुरतेच करावे. सुपारी काही पायडल मारणार नाही. जो खरा जाणार तोच ठेवू. आणि त्यांनी साक्षात सायकल, दोन्ही झोळ्या भरून, हेल्मेट मुठीस अडकवून, सज्ज करून ठेविली.

समोरच्या दारी मोरेश्वरपंत राहत. हे पूर्वी एस.टी.च्या स्थानकात कर्ण्यावरून गाड्या पुकारीत असत. घरात एकटे, मुलगा दूरच्या गावी, मन मोकळे, आणि आवाज अद्याप कर्ण्याचाच. ते आनंदाने राजी जाहले. फाल्गुन वद्य पक्षी, सुमुहूर्त पाहून, बाईसाहेबांनी सायकलीच्या मुठीस हळदकुंकू लाविले, श्रीमंतांच्या हातावर दही घातले, आणि श्रीमंत घोड्याचा लगाम धरून आपल्या उंबऱ्यातून निघाले आणि जिन्याच्या चौकातून पलीकडे मोरेश्वरपंतांच्या दिवाणखान्यात दाखल जाहले. मोरेश्वरपंतांनी कानाशी हात नेऊन पुकारा केला की हांबुर्गकडे जाणारी सायकल फलाटास लागलेली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. सर्वांनी टाळ्या वाजविल्या आणि पेढे वाटले गेले. मग श्रीमंत मोकळ्या हातांनी घरी येऊन वरणभात जेवले. त्या दिवसापासून सराव बंद पडला, कारण ठेविले प्रस्थान हलवू नये. तेव्हा श्रीमंत पायांस सवय राहावी म्हणोन जिनाच चढू उतरू लागले आणि खालच्या मजल्याचे लोक विचारू लागले की आपले काही हरवले आहे काय.

पाडवा जाहला, पराभव संवत्सर लागले, आणि चैत्रात व्हिसाच्या कचेरीचा निरोप आला की अमुक दिवशी पासपोर्ट घेऊन हजर व्हावे. श्रीमंत कपाट उघडतात तो पासपोर्ट नाही. मग लक्षात आले की पुरतेच प्रस्थान करावे म्हणोन तोही सायकलीच्या पुढच्या झोळीत, चेन लावून, शेजारी ठेविला आहे. श्रीमंत म्हणाले की त्यात काय, आणतो. आत्या जप करीत होत्या, त्यांनी माळ थांबविली. त्यांच्या माहेरचा, म्हणजे ह्याच घराण्याचा, रिवाज ऐसा की ठेविल्यापैकी एक जरी वस्तू उचलली तरी प्रवासी निघाला, आणि निघालेला माणूस जेथे जावयाचे ते ठिकाण पाहिल्यावाचून आपल्या घरात पाऊल टाकीत नाही. सुपारी ठेव म्हटले होते, सुपारी कोणी कचेरीत मागत नाही, ऐसेही त्या बोलल्या. श्रीमंत हसले आणि म्हणाले की आत्या, हे जुन्या काळचे झाले, पासपोर्ट आणतो, काम करतो आणि जेवायला घरी येतो. आणि चपला पायांत घालू लागले.

तेव्हा बाईसाहेब मटार सोलीत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. म्हणाल्या, "या की. लेकीच्या लग्नाला रीत म्हणून गेला नाहीत. आता उसळ खायला रीत मोडून घरी या."

श्रीमंतांचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर, ऐसे ते उभे राहिले. रीत मोडता येते म्हणावे तर चार वर्षे कशासाठी घालविली, आणि मोडता येत नाही म्हणावे तर आजचे जेवण समोरच्या घरी. ऐसा पेच शत्रूनेही टाकिला नसता. शेवटी दुसऱ्या चपलेतही पाय घातला आणि इस्त्रीचा सदरा, दाढीचे सामान आणि रक्तदाबाच्या गोळ्या मागून घेतल्या आणि बाहेर पडले. समोर जाऊन झोळीची चेन उघडली, पासपोर्ट उचलला, कचेरीत जाऊन बोटांचे ठसे आणि छबी देऊन आले, आणि जिना चढून सवयीने उजवीकडे वळत होते ते थबकले आणि डावीकडे मोरेश्वरपंतांकडे गेले. तेथेच डेरा पडला.

मग वनवासाचे दिवस सुरू जाहले. वनवास म्हणजे काय, तर मधे एक जिन्याचा चौक. दोन्ही घरांची दारे समोरासमोर आणि उकाड्यामुळे दोन्ही दिवसभर उघडी. मोरेश्वरपंतांच्या सोफ्यावर बसले की श्रीमंतांस आपली खुर्ची दिसे, आपला पंखा दिसे, आणि आपल्या टीव्हीची अर्धी बाजू दिसे. त्यांनी निरोप धाडिला की टीव्ही थोडा दाराकडे वळवावा. आत्या म्हणाल्या की माझ्या मानेला त्रास होतो. डबा वेळेवर येई आणि बाईसाहेब तो उंबऱ्यावर ठेवीत आणि श्रीमंत तो उंबऱ्यावरून उचलीत. मोरेश्वरपंत तर हरखून गेले होते. किती वर्षांनी घरात दुसरा माणूस निजावयास, आणि म्हणोन ते सकाळी सहास, चहा तयार आहे, चहा घेणारांनी आपली जागा घ्यावी, ऐसे पुकारून सारा मजला जागा करीत. संध्याकाळी बुद्धिबळ होई आणि त्यात ते श्रीमंतांस हरवीत आणि हरल्याचाही पुकारा करीत. श्रीमंत चौकात उभे राहून राज्याचा कारभार पाहू गेले, कुंडीस पाणी घातले काय, गॅसचा नंबर लावला काय, वरची टाकी भरली काय, आणि आतून सर्वांस होय ऐसेच उत्तर येई. राज्य त्यांच्यावाचून उत्तम चालले होते. हे पाहून त्यांस बरे वाटले नाही, हे उघड लिहितो. एकदा आत्या शेंगदाणे सोलीत होत्या आणि बाईसाहेब काही सांगत होत्या आणि दोघी पोट धरून हसल्या, आणि श्रीमंत समोरून कशास हसता विचारीत राहिले, आणि ते कोणास ऐकू गेले नाही. त्या दिवशी त्यांनी डबा अर्धा टाकिला.

ऐसे चालले असता रविवारी संध्याकाळी केतकीचा फोन आला. ह्या वेळी श्रीमंत एरवी आतल्या खोलीत जात, परंतु आता खोली कोठली. ते मोरेश्वरपंतांच्या दारात वारा घेत उभे होते तेथेच राहिले. फोनातून मुलीचे हसणे ऐकू आले आणि लहान पोरीचे काहीबाही बडबडणे ऐकू आले आणि बाईसाहेबांची पाठ तेवढी दिसली. श्रीमंत एक पाऊल पुढे आले, मग चौकाच्या मध्यावर आले, मग आपल्याच उंबऱ्याशी येऊन थांबले आणि मान लांब करून पाहू लागले. बाईसाहेबांस पाठीमागे चाहूल लागली. त्यांनी काही न बोलता फोन दाराकडे वळविला. बाप आणि लेक यांची दृष्टादृष्ट चार वर्षांनी जाहली.

केतकीने विचारले, "बाबा बाहेर का उभे आहेत?" बाईसाहेब म्हणाल्या की त्यांनाच विचार. मग श्रीमंतांनी खुलासा केला. संवत्सराचे नाव, प्रस्थानाचा प्रकार, पासपोर्ट झोळीत कसा गेला, माहेरचा रिवाज काय म्हणतो, सारे क्रमवार, पाण्याची लाइन कोठून कोठे जाते ते समजावून द्यावे तसे समजावून दिले. मुलीने मधे एकदाही अडविले नाही. सर्व संपल्यावर ती बोलली.

"दार उघडं आहे ना, बाबा?"

"आहे."

"आई आत आहे, आत्याआजी आत आहे. येऊ नका असं कोणी म्हटलंय?"

"नाही म्हटलेलं."

"माझ्या लग्नालाही कोणी म्हटलं नव्हतं. दार उघडंच होतं. सही करताना मी दोनदा वळून बघितलं, की तुम्ही उशिरा का होईना, आलात का."

हे शब्द तिने रागाने काढिले नाहीत, म्हणोनच ते फार लागले. श्रीमंतांनी खाली उंबऱ्याकडे पाहिले, मग आत आपल्या माणसांकडे पाहिले, आणि चपला काढिल्या आणि आत पाऊल टाकिले आणि चालत येऊन बाईसाहेबांच्या हातून फोन घेतला. फोन नीट धरण्याची सवय नव्हती, त्यामुळे मुलीस कधी बाप दिसे आणि कधी पंखा.

"केतकी, माझं चुकलं. मी यायला हवं होतं. रीत-बीत काही नव्हती गं, मला राग आला होता. मग राग गेला, आणि कसं यायचं तेच कळेना. गेली चार वर्षं कळत नव्हतं."

पलीकडे केतकी रडली आणि रडता रडता म्हणाली की मला तरी कुठे कळत होतं, आणि लीनाने आईस रडताना पाहून स्वतःही मोठा गळा काढिला, आणि माथियासराव कोठून तरी धावत आले आणि काय झाले म्हणोन जर्मन भाषेत विचारू लागले, आणि श्रीमंतांचे तोंडून बावरून गुटन मोर्गन ऐसे निघाले, तेव्हा तेथे दुपार टळत आली होती, आणि मग दोन्ही मुलखांत एकच हशा जाहला. बाईसाहेब डोळे पुशीत ओट्याकडे गेल्या आणि उगाच भांडी हलवू लागल्या. सर्वांचे लक्ष आत्यांकडे लागले की रिवाज मोडला, आता काय बोलतात. आत्यांनी माळ बटव्यात ठेविली. म्हणाल्या, "उल्हास, पाय धुऊन घे आणि जेवायला बस. मुहूर्त मी आता काढत नाही. तिकिटावर असेल तोच." मोरेश्वरपंतांसही ताट वाढले आणि तेही आग्रहावाचून बसले.

त्यानंतर श्रीमंतांची उलटीच घाई सुरू जाहली. म्हणाले की सायकल राहू दे, मिळेल त्या विमानाने उद्याच जातो. केतकी म्हणाली की मुळीच नाही, सायकलनेच या, मी आणि माथियास लीनाला सायकलीमागे जोडायच्या छोट्या गाडीत बसवून ड्रेस्डेन शहरी तुम्हाला गाठू आणि तिथून नदीकाठाने सगळे मिळून घरी जाऊ. इतके सगळे जमवले आहे तर मजा तरी करा. मग रोज फोन होऊ लागला, आणि आतली खोली ओस पडली. मुलीने झोळ्या उघडावयास लावल्या आणि फोनातून पाहून हुकूम सोडिले की अर्धा कंगवा कोणाच्या उपयोगाचा, नवा घ्या; हातरुमालाने अंग पुसता येत नाही, टॉवेल घ्या; नट आवळायला तीन तीन पाने कशाला, एक पुरे; आणि आईचे लोणचे कोणी बाहेर काढले, ते आत घाला. श्रीमंतांनी सारे निमूट मानिले. हुकूम करणाऱ्या घराण्यातलीच ती, ऐसे आत्या म्हणाल्या. बाईसाहेबांचे ऐसे ठरले की त्यांनी मागाहून विमानाने थेट हांबुर्गास जावे आणि मंडळी पोचण्याच्या दिवशी पुरणपोळी करून ठेवावी. मोरेश्वरपंतांस श्रीमंत परत घरी गेल्याने घर सुने वाटू लागले, हे ओळखून आत्यांनी फर्मान काढिले की हे दोघे नाहीत तोवर दोन्ही वेळा जेवण येथेच, आणि बुद्धिबळ मला शिकवावे. पुढे व्हिसा आला आणि वैशाखात सायकल सुटी करून खोक्यात भरली गेली, आणि श्रीमंत लेंगा घालून विमानतळाकडे रवाना जाहले. बाईसाहेबांनी टॅक्सीच्या खिडकीशी येऊन सांगितले की हांबुर्गास पोचल्यावर नाही, व्हिएन्नास उतरल्यावर फोन करा.

एवंच, ऐसी ही स्वारी जाहली. राज्यात घाट चढणारा एक, कारभार चालविणारी एक, रीत जाणणारी एक, आणि समोरच्या दारी पुकारणारा एक, ऐसी सर्व माणसे सुखरूप आहेत. मुलीच्या दारात उभे राहून काय बोलावे, हे ठरविण्यासाठी श्रीमंतांनी हजार-बाराशे किलोमीटरांचा रस्ता घेतला होता. ते बोलणे आपल्याच उंबऱ्यात उरकले, सबब वाटभर विचार करावयास आता काही उरले नाही. तेव्हा नदीकाठाने गाणी म्हणत जाणार म्हणतात. आवाज बरा नाही, हे तिकडील मुलखास आगाऊ कळावे म्हणोन हा कागद लिहिला.